सोलापूरच्या उन्हात फायरफिश: झाकण काचेचं की जाळीचं?

१०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काचेच्या झाकणाखाली, फायरफिश गोबी हा छोटा समुद्री मासा सोलापुरात टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. टिकेल. पण आधी ते झाकण काढा.

या माशाला २४ ते २७ अंश पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काच उष्णता कोंडून धरते. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) महाग. पण आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. त्यासाठी टाकी वरून उघडी हवी, आणि हा भित्रा मासा दचकला की थेट बाहेर उडी मारतो. फायरफिश पुष्कळदा असे जमिनीवर पडूनच मरतात. म्हणून जाळी बसवा: नायलॉनची, भोकं ५-६ मिमीची. लोखंडी जाळी गंजते. पाइप आणि वायर जिथून आत जातात ती फट विसरू नका, बोटभर जागाही त्याला पुरते. जाळीवर मिठाचा पांढरा थर धरतो, आठवड्याला नळाखाली धुवा.

पंख्यामुळे दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. दगड-वाळू वजा जाता टाकीत ८० लिटर पाणी धरा. रोज ३ लिटर उडालं आणि तीन दिवस भरलं नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेली क्षारता ३९ च्या वर जाते. भर घालायची ती फक्त गोड्या आरओ पाण्याची, रोज. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा आरओचं एक वेगळं प्लास्टिकचं पिंप भरून ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं नको. घरगुती आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा स्क्रू असेल, तर तो बंद करा.

मीठ रीफ सॉल्टच (समुद्री टाकीसाठीचं खास मीठ) घ्या, स्वयंपाकाचं चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ हवं. पाणी भरून टाकी चार-सहा आठवडे माशाविना चालवा. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नका.

एकच फायरफिश ठेवा. जोडी जमलेली नसेल तर दोघं भांडतात. ‘टाकी तयार करायला’ म्हणून गळ्यात मारले जाणारे डॅमसेल मासे तर अजिबात नकोत, ते याला बिळातून बाहेरच येऊ देत नाहीत. क्लाउनफिशची जोडी चालते.

लाइट गेली की पंप थांबतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या.

मासा सोडाल त्या दिवशी टाकीचा दिवा बंदच ठेवा. पहिला आठवडाभर तो दगडाच्या फटीतून नुसतं डोकं काढेल. शोधायला दगड उचलू नका. बारीक मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, माशाचं खाद्य) प्रवाहात, त्याच्या बिळासमोरून जाईल असं सोडा. पाठीवरचा लांब काटा खालीवर फडकवत तो पुढे आला, की रुळला समजा.