वाचक विचारतात: भेसळ की मिसळ?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की स्कॉटलंडमध्ये मुलीकडे ॲबरडीनला गेलो असताना कीथ गावातल्या स्ट्रॅथआयला डिस्टिलरीत जाऊन स्वतःच्या हातानं स्कॉच मिसळून, बाटलीत भरून आलो. त्यावर बरीच पत्रं आली. काहींत नुसताच ‘या वयात?’ असा सूर आहे, ती बाजूला ठेवलीत. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत 31 वर्षं केमिस्ट होतो. वय झालं ते दारूचा वास घेऊनच झालं, पिऊन नव्हे. बाकीच्या पत्रांना जमेल तशी उत्तरं देतो.

‘आपली व्हिस्की आपण बनवा’ म्हणजे नेमकं काय करायला देतात? पर्यटकांना खूश करायचा खेळ तर नाही ना? (एक वाचक, सांगली)

खेळच आहे. पण खऱ्या मालानं खेळायचा.

ॲबरडीनहून इन्व्हरनेसकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की तासा-सव्वातासात कीथ येतं. स्टेशनातून डिस्टिलरीपर्यंत चालतच जायचं. दगडी इमारत, वर पॅगोड्यासारखी दोन छपरं, अंगणात पाणचक्की. 1786 साली सुरू झालेली ही जागा 1950 पासून शिवास ब्रदर्सच्या ताब्यात आहे आणि शिवास रीगल या स्कॉचचा कणा मानला जाणारा माल्ट इथलाच. आधी कारखाना फिरवून दाखवतात. मला खरी ओढ त्याचीच होती. आमच्याकडे किण्वनाच्या टाक्या पोलादी, आणि गळीत हंगामात मळीचा वास पार एस. टी. स्टँडपर्यंत. इथे टाक्या लाकडाच्या. एकीचं झाकण उघडून दाखवलं, तर आत आंबोळीच्या पिठाचा वास. मी दोनदा वाकून घेतला, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, लोक थांबलेत.”

मग मिसळायची खोली. प्रत्येकासमोर नळीसारखं मोजपात्र, पिपेट, वर निमुळते होत गेलेले छोटे पेले आणि बाटल्या. एका बाटलीत ग्रेन व्हिस्की, म्हणजे गहू किंवा मका वापरून ऊर्ध्वपातनाच्या उंच कॉलममध्ये काढलेली. बाकीच्यांत माल्ट, म्हणजे फक्त मोड आणलेल्या जवाची, तांब्याच्या भांड्यात काढलेली. माल्टच्या बाटल्यांवर गावाचं नाव नाही, वासाचं: फुलांचा, फळांचा, सायीचा, धुराचा. प्रत्येकाचा वास घ्यायचा, थोडं पाणी घालून पुन्हा घ्यायचा, मग छोट्या मापात जुळवाजुळव. सूत्र पसंत पडलं की ते दहापट करून 200 मिलीची बाटली भरायची. आपल्या क्वार्टरपेक्षा घोटभर जास्त.

मी पहिल्या प्रयत्नात तोंडावर आपटलो, तेही सांगतो. 20 मिलीच्या नमुन्यात धुराचा माल्ट 4 मिली घातला. लॅबमधला माणूस, वाटलं सगळ्यांना सारखा वाटा द्यावा. परिणाम असा की बाकीच्या बाटल्या घातल्या काय आणि न घातल्या काय. या माल्टसाठी जवाचे मोड वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर. ते कापून, वाळवून ढेपा करतात. त्या धुरातली फिनॉलं, म्हणजे धुरकट वासाची रसायनं, दाण्याला चिकटतात ती थेट बाटलीपर्यंत येतात. नाकाला फिनॉल कळायला कणभर पुरतं. एवढं शिकलेला माणूस मी, पण हात सैल सुटला.

दुसऱ्या खेपेला ग्रेन 10 मिली, फळांचा 5, सायीचा 3, फुलांचा दीड आणि धुराचा अर्धा. तेव्हा कुठे पेल्यात एकेक वास वेगळा ओळखू येईना आणि सगळं मिळून बरं लागायला लागलं. बाटलीत तेच भरलं.

मी घेत नाही. यजमानांना मात्र जायचंय. दोन तास मी तिथे काय करू? (एक वाचिका, डोंबिवली)

मिसळायला बसा. त्यांच्यापेक्षा तुमची बाटली चांगली होईल, असं मी जवळजवळ लिहून द्यायला तयार आहे.

हे काम जिभेचं नाही, नाकाचं आहे. तिथले धंद्यातले मास्टर ब्लेंडर दिवसाला कितीतरी नमुने तपासतात. ते पीत बसले तर दुपारी घरी पोचवावे लागतील. पाणी घालून नमुना साधारण 20 टक्क्यांवर आणायचा आणि हुंगायचा. कडक स्पिरिटनं नाक बधिर होतं, पाण्यानं ते उघडतं. वास कळेनासा झाला की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

आमची ही आयुष्यात थेंबभर प्यायलेली नाही. ती माझ्या शेजारी बसली होती ती पदर सावरून, “वास घेतला तर चालतो ना?” विचारून. सायीच्या माल्टचा पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, “खवा.” फळांच्या पेल्यावर म्हणाली, “पिकून पार उतरलेलं सफरचंद.” माझा तो पहिला फसलेला नमुना तिच्याकडे सरकवला, तर तिनं लांबूनच नाक मुरडलं. “दूध धुरकटलंय.” चुलीवरच्या दुधाला धूर लागला की माझी आई हाच शब्द वापरायची. आमची मार्गदर्शक मुलगी विचारू लागली, बाई काय म्हणाल्या? भाषांतर करताना माझी तारांबळ उडाली. घरचा गोडा मसाला चाळीस वर्षं अंदाजानं भाजून करणाऱ्या बाईला तोंडी सूत्र सांगावं लागत नाही. दगडफूल किती आणि कुठे थांबायचं, ते तिच्या नाकात असतं.

राहता राहिली चव. जो गाडी चालवणार किंवा ज्याला घ्यायची नाही, त्याच्या वाट्याची व्हिस्की बहुतेक ठिकाणी छोट्या कुप्यांत भरून बरोबर देतात. आणि गाडी भाड्यानं घेणार असाल तर हे लक्षात ठेवा: डिसेंबर 2014 पासून स्कॉटलंडमध्ये चालकाच्या 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा 80 आहे. लंडनच्या मेव्हण्याचा हिशोब तिथे लावू नका. रेल्वेनं जा.

माझे आजोबा म्हणायचे, ब्लेंड म्हणजे भेसळ. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट, तेवढी अस्सल. तुम्ही भेसळ करून आलात आणि वर कौतुक सांगताय? (एक वाचक, कोल्हापूर)

कोल्हापूरकरानं मिसळीला भेसळ म्हणावं, हे काही बरं नाही!

पण आजोबा एकटे नव्हते. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या पालिकेचं अगदी हेच म्हणणं होतं. 1905 साली त्यांनी व्हिस्की विकणाऱ्यांवर खटला भरला, की गिऱ्हाईक व्हिस्की मागतं आणि हे ग्रेन मिसळलेलं काहीतरी देतात. खालच्या कोर्टानं पालिकेची बाजू उचलून धरली. प्रकरण इतकं चिघळलं की 1908 मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. 1909 च्या अहवालानं निकाल दिला तो असा, की माल्ट, ग्रेन आणि दोन्हींचं मिश्रण, तिन्हींना व्हिस्की म्हणता येईल.

त्याच्या मागची गोष्ट किराणा दुकानांत घडली. कॉफी नावाच्या आयरिश अबकारी अधिकाऱ्यानं 1830 मध्ये सतत चालणाऱ्या कॉलमचं पेटंट घेतलं आणि हलकी, स्वस्त ग्रेन व्हिस्की मुबलक झाली. दुसरीकडे माल्ट होती, पण या पिंपाची एक तर त्या पिंपाची दुसरी. आज आवडलेली चव पुढच्या महिन्यात मिळेल याची खात्री नाही. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरनं 1853 च्या सुमारास ग्लेनलिवेट डिस्टिलरीच्या वेगवेगळ्या वयाच्या माल्ट एकत्र करून विकायला सुरुवात केली. 1860 च्या कायद्यानं कर भरण्याआधी गोदामातच माल्ट आणि ग्रेन मिसळायची मुभा दिली आणि मग धंद्याला तोंड फुटलं. किलमार्नॉकचे वॉकर (‘जॉनी वॉकर’वाले), ॲबरडीनचे शिवास बंधू ही सगळी मूळची वाणसामानाची दुकानं. अशर घराण्यानं पैसा किती केला ते बघायचं तर एडिंबरोत अशर हॉल आहे, याच अशरच्या एक लाख पौंडांच्या देणगीतून उभा राहिलेला. तिथे आज मैफली होतात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. आम्ही मळीपासून काढायचो ते एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, 96 टक्क्यांचं. त्याची परीक्षा एकच: कशापासून बनलं ते वासावरून कळता कामा नये. कळलं तर माझी बॅच नापास. देशातल्या बऱ्याच व्हिस्क्यांत हेच स्पिरिट असतं, म्हणून युरोपात त्यांना व्हिस्की या नावानं विकता येत नाही. स्कॉचचा कायदा बरोबर उलटं सांगतो. स्पिरिट 94.8 टक्क्यांच्या आतच काढायचं, धान्याचा वास आणि चव त्यात उरली पाहिजे. पुढे 700 लिटरहून मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं. वरून घालायला परवानगी फक्त पाणी आणि साध्या कॅरॅमलच्या रंगाची. आजोबांना ग्रेन म्हणजे आमच्याकडचं न्यूट्रल स्पिरिट वाटलं असावं. त्या खोलीत मी ग्रेनचा पेला नाकाशी धरून सगळ्यात जास्त वेळ बसलो होतो. मंद, किंचित गोड, ताज्या लाकडासारखा वास. आयुष्यभर जो वास काढून टाकायचा पगार घेतला, तो इथे मुद्दाम ठेवलेला.

आणि बाजारात खपणाऱ्या बहुतेक ब्लेंडमध्ये निम्म्याहून जास्त ग्रेनच असतं.

माझ्या ब्लेंडवर ‘12 वर्षं’ लिहिता येईल का? (एक वाचक, पुणे)

त्यातला वयानं सगळ्यात लहान थेंब 12 वर्षांचा असेल तरच. वय सरासरीनं मोजत नाहीत. 30 वर्षांची माल्ट भरली आणि चमचाभर चार वर्षांची ग्रेन घातली, की बाटली चार वर्षांची.

मी 22 वर्षांचा आहे. मला प्रवेश मिळेल का? आणि ती बाटली भारतात कशी आणायची? (एक वाचक, नाशिक)

तिथे 18 पूर्ण लागतात. ओळखपत्र जवळ ठेवा, बुकिंग आधी करा, गट लहान असतो. महाराष्ट्रात मात्र कडक दारूसाठी वय 25, त्यामुळे बाटली तीन वर्षं वडिलांच्या कपाटात मुरवा. मोठ्या बॅगेत 24 ते 70 टक्क्यांची दारू माणशी 5 लिटरपर्यंत नेता येते, पण विक्रीच्या बंद बाटलीतच. म्हणून झाकण पक्कं करून आणि लेबल लावूनच घ्या. हातातल्या पिशवीत 200 मिली बऱ्याच विमानतळांवर चालत नाही, सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. भारतात उतरताना माणशी 2 लिटरपर्यंत जकात नाही.

एवढ्या लांब कशाला, इकडे जवळ काही नाही का? (एक वाचक, कुडाळ)

तुम्हाला गोवा जवळ. कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी बघता येते. तिथे हुंगण्याआधी गोदामातली हवा अंगावर घ्या. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के माल उडून जातो, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात तो कित्येक पटींनी जास्त. देवदूत तेच असावेत, ऊन जास्त लागतं म्हणून तहान वाढते. म्हणूनच इकडची माल्ट तिकडच्यापेक्षा फार लवकर तयार होते.

घरच्या घरी हा प्रयोग करता येईल का? (एक वाचक, नागपूर)

परवाना असेल तर खुशाल. एक साधी ब्लेंडेड स्कॉच आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरची एक धुरकट माल्ट, एवढ्यावर भागतं. औषधाच्या दुकानातून 5 मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या. साध्या स्कॉचचे 50 मिलीचे तीन पेले भरा. एकात अर्धा मिली धूर, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात अडीच. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी चहाच्या आधी वास घ्या. कोणता पेला आवडला ते कागदावर लिहून ठेवा, संध्याकाळी हमखास विसरायला होतं. महागाच्या तीन सिंगल माल्ट आणून एकात एक ओतू नका. तिघीही भांडतात आणि पैसे तुमचे जातात.

तुमची ती बाटली उघडली की शोकेसमध्ये ठेवलीय? (एक वाचक, इचलकरंजी)

दिवाळीत दोन साडू आले तेव्हा उघडली. थोरल्यानं ‘विकतची आणि यात फरक काय?’ असं विचारलं, ते मी प्रशस्तिपत्रक समजलो. लेबलवर सूत्र लिहायची जागा आहे, तिथे हिनं मराठीत ‘धूर बेताचा’ एवढंच लिहिलंय. अर्धी उरली. अर्ध्या बाटलीत हवा शिरून वास मरतो, म्हणून उरलेली 100 मिली मी खोकल्याच्या औषधाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ ओतून ठेवली. बाटली गरम पाण्यानं तीनदा धुतली होती, मी स्वतः तपासली होती. ही म्हणते, अजून अडुळशाचा वास येतोय.