‘टेक अ स्टॅब ॲट इट’: भोसकण्याचा आणि प्रयत्नाचा काय संबंध?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या वरिष्ठांनी ईमेलमध्ये एका कामाबद्दल ‘टेक अ स्टॅब ॲट इट’ असं लिहिलं. स्टॅब म्हणजे भोसकणं, मग यात टोमणा आहे का?

टोमणा अजिबात नाही. ‘जमेल तसं करून बघा, पहिल्या फटक्यात अचूक नसलं तरी चालेल’, एवढंच त्यांना म्हणायचंय. (बघा, ‘फटक्यात’ म्हणताना आपणही वारच करतो!) सुरीचा वार करताना नेम धरायला सवड नसते, लागला तर लागला. ‘प्रयत्न’ हा अर्थ १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी बोलीत रुळला. ‘अ स्टॅब इन द डार्क’ म्हणजे तर आपलं ‘अंदाजपंचे’च.

‘करून बघा’ म्हणायच्या इंग्रजीतल्या इतर तऱ्हाही अशाच. ‘गिव्ह इट अ शॉट’मधला शॉट बंदुकीचा. ‘टेक अ क्रॅक ॲट इट’मधला ‘क्रॅक’सुद्धा बहुधा बार उडाल्याच्या आवाजावरूनच आला. ‘गिव्ह इट अ व्हर्ल’मधला ‘व्हर्ल’ म्हणजे गिरकी. म्हणून नवा पदार्थ, नवं ॲप अशा गमतीच्या गोष्टींना तो जास्त शोभतो. ‘हॅव अ गो’ ब्रिटनमध्ये सर्रास ऐकू येतं.

मला यातली खरी गंमत व्याकरणात वाटते. एक वार, एक बार, एक गिरकी: प्रत्येक नाम एकदाच घडणाऱ्या कृतीचं आहे. त्यामुळे काम कितीही मोठं असलं तरी सांगणं हलकं होतं. मराठी हेच काम ‘बघ’कडून करून घेते. चाखून बघ, विचारून बघ, वास घेऊन बघ. ‘ऐकून बघ’मध्ये तर डोळ्यांचं कामच नाही, तरी ‘बघ’ हवंच! म्हणून ‘गिव्ह इट अ शॉट’ला ‘एक शॉट द्या’ म्हणू नये. ‘करून तर बघा’ म्हणावं. त्या ‘तर’मध्ये पाठीवरची थाप आहे.

सांभाळायचं ते ‘ॲट’च्या पुढे. तिथे काम असेल तर प्रयत्न. माणूस आला की अर्थ फिरतो. ब्रिटनमध्ये ‘शी हॅड अ गो ॲट मी’ म्हणजे तिने मला फैलावर घेतलं. ‘टेक अ शॉट ॲट’ माणसाबद्दल आलं की बहुतेक वेळा टीकाच.

तुमच्या ईमेलमध्ये ‘इट’ आहे, म्हणजे काम. उत्तरात ‘आय विल टेक अ स्टॅब ॲट इट’ असं खुशाल लिहा. ग्राहकाला पाठवायच्या औपचारिक प्रस्तावात मात्र हे नको. तिथे साधं ‘अटेम्प्ट’ बरं.