मालकाची बाजू मांडताना

सांगली

अनेक आशीर्वाद.

कामगार खटल्यांत व्यवस्थापनाच्या, म्हणजे मालकाच्या बाजूने वकिली करावी का, असं तू विचारलंस. तुझे वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते, त्यामुळे हा प्रश्न तुला जास्त टोचतो हे मी समजू शकतो. माझं मत विचारशील तर जरूर कर. फक्त मालकाच्या तोंडावर ‘हे तुम्हाला करता येणार नाही’ म्हणायची तयारी हवी. ती नसेल तर दिवाणी कामं घे.

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतला आपला अशील म्हणजे बहुतेक वेळा लहानशी फौंड्री नाहीतर मशीन शॉप. वेगळं एचआर खातं नसतं, हजेरी आणि पगार अकाउंटंटच बघतो. गेटवर वाद होतो, मालक तापतो आणि ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो. दावा खरा तिथेच हरलेला असतो. आपल्याकडे फाइल येते ती त्यानंतर. म्हणून अशिलांना एवढी एक सवय लाव, की कुणालाही काढण्याआधी तुला फोन करायचा.

काम घटलं म्हणून माणूस कमी करायचा असेल आणि त्याचे वर्षात कामाचे २४० दिवस भरले असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावाच लागतो. २४० दिवस भरू नयेत म्हणून मुद्दाम ब्रेक द्यायची युक्ती तुझ्यासमोर नक्की येईल. तिला हो म्हणू नकोस. कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. शिवाय, मला विचारशील तर, माणसाला असं टांगून ठेवणं वाईटच.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर चौकशी नीट झाली पाहिजे. ‘उद्धट वर्तन केले’ असं मोघम आरोपपत्र टिकत नाही. तारीख, वेळ, जागा आणि तो जे बोलला ते त्याच शब्दांत, शिवी दिली असेल तर शिवीसकट लिही. कामकाज त्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे इथे मराठीत चालव. प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासाची संधी त्याला दे, पानोपानी सह्या घे. निलंबन असेल तर निर्वाह भत्ता, पहिले ९० दिवस निम्मा पगार, वेळेवर जातो की नाही ते स्वतः बघ. मालक तो हमखास अडवतात आणि मग सगळी चौकशीच अडचणीत येते. जो दावा पुढे तू लढवणार, त्यात चौकशी अधिकारी होऊ नकोस.

कैफियत, म्हणजे कामगाराच्या दाव्याला मालकाचं लेखी उत्तर, लिहिताना एक परिच्छेद कधीही विसरायचा नाही: चौकशी सदोष ठरली तर कोर्टापुढे पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची मुभा मिळावी. ही मागणी कैफियतीतच करायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये लक्ष्मीदेवम्मा प्रकरणात सांगितलं आहे.

उलटतपासात कामगाराला हिणवू नकोस. तो तारखेला येतो तेव्हा कुठलीतरी मजुरी बुडवून आलेला असतो. त्याच्या गरिबीवरून किंवा कमी शिक्षणावरून विचारलेल्या प्रश्नाने तुझ्या बाजूला काहीच मिळत नाही. कागदावर बोल.

तडजोडीचा हिशेब मात्र पहिल्याच तारखेला करून ठेव. बडतर्फी बेकायदा ठरून माणूस कामावर परत आला तर मागचा पूर्ण पगार देणं हा सर्वसाधारण नियम, आणि तो दुसरीकडे कमावत होता असं म्हणायचं तर सिद्ध मालकानेच करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालात स्पष्ट आहे. दावा सात वर्षं चालला तर रक्कम किती होईल ते कागदावर मांडून मालकापुढे ठेव. ‘तत्त्वाचा प्रश्न आहे’ म्हणणारा मालक आकडा बघून बराच शांत होतो. हायकोर्टात जाऊ म्हणाला तर सांग, की १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. मुंबईची खेप वाचली, पण ती कामगाराचीही वाचली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. बडतर्फ कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे जायची तीन वर्षांची मुदत आता दोन वर्षांवर आली आहे. जुन्या कायद्याखालचे वाद लगेच संपणार नाहीत, तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता शेजारी ठेवून कलमागणिक वाच. त्याआधी आदर्श स्थायी आदेश, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींचे नमुना नियम, वाचून काढ, गैरवर्तनाची यादी तर पाठच कर. सोमवारी ऑफिसला ये. एका फौंड्रीचं आरोपपत्र तयार करायचं आहे, पहिला मसुदा तू लिही.

कळावे.