गव्हर्नरबाई, पतीची पुण्याई आणि आठ हजार मतं

राज्यपालांची तर नेमणूक होते. मग अमेरिकेत एखादी बाई राज्यपाल म्हणून 'निवडून' कशी येते?

घोळ शब्दाचा आहे. आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. विजयालक्ष्मी पंडित 1962 मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या त्या तशाच. अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो आणि त्याला थेट जनता निवडते. म्हणून मी 'गव्हर्नर'च म्हणतो.

पहिल्या महिला गव्हर्नर नेली टेलो रॉस निव्वळ सहानुभूतीवर जिंकल्या ना?

सहानुभूती होतीच, नाकारण्यात अर्थ नाही. वायोमिंगचे गव्हर्नर असलेले त्यांचे पती विल्यम रॉस अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर 2 ऑक्टोबर 1924 ला वारले. उरलेल्या दोन वर्षांसाठी 4 नोव्हेंबरला मतदान होतं. डेमोक्रॅटिक पक्षाने नेलींना उभं केलं, पण त्या प्रचाराला बाहेर पडल्याच नाहीत. मतदारांना दोन जाहीर पत्रं लिहिली, बस्स.

आता गंमत बघा. त्याच दिवशी त्याच राज्याने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन कूलिज यांना कौल दिला, आणि नेलींनाही आठ हजारांवर मतांनी निवडून दिलं. म्हणजे वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्याला मत देणारे कितीतरी निघाले. एवढं काम एकटे अश्रू करत नाहीत, असं माझं मत. बायकांना 1869 पासून मताचा हक्क देणारा हा मुलूख, हेही ध्यानात घ्या.

टेक्ससच्या मिरियम फर्ग्युसनही त्याच दिवशी निवडून आल्या. मग पहिला मान नेलींना का?

शपथ आधी घेतली म्हणून. नेली 5 जानेवारी 1925 ला, मिरियम 20 ला.

टेक्ससचं प्रकरण मात्र निराळं. मिरियम यांचे पती जेम्स यांचं गव्हर्नरपद 1917 मध्ये महाभियोगात गेलं होतं आणि पुन्हा उभं राहायला बंदी होती, म्हणून बायको उभी राहिली. 'एकाच्या किमतीत दोन गव्हर्नर' ही तर प्रचारातली घोषणाच! आपल्याकडच्या सरपंचपतींना हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटेल.

नेलींचं पुढे काय झालं?

1926 ला त्या पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी राज्यभर हिंडल्या आणि दीड हजारांपेक्षाही कमी मतांनी पडल्या. 1933 पासून 20 वर्षं त्यांनी अमेरिकेच्या टांकसाळीचा कारभार पाहिला. फोर्ट नॉक्सच्या सोन्याच्या कोठाराच्या कोनशिलेवर त्यांचं नाव आहे. पती आधी गव्हर्नर नसताना निवडून आलेल्या पहिल्या बाई म्हणजे कनेक्टिकटच्या एला ग्रासो, आणि त्याला 1974 उजाडलं. वायोमिंगने मात्र नेलींनंतर, 2022 च्या निवडणुकीपर्यंत तरी, दुसऱ्या कुठल्याच बाईला त्या खुर्चीत बसवलं नव्हतं.