खाडीकाठचा पहिला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे

कचराभूमीतून झिरपणारं पाणी रेझिस्टिव्हिटी सर्व्हेने, म्हणजे जमिनीत वीज सोडून माती तिला किती अडवते हे मोजून, शोधायला घेतलंस, फार छान वाटलं. मुंबईला या कामाची खरंच गरज आहे. पहिल्या खेपेला एवढंच सांभाळ:

१. जीपीआरच्या (जमिनीत रेडिओ तरंग सोडणाऱ्या रडारच्या) मोहात पडू नकोस. खाडीच्या खारट चिखलात त्याचे तरंग फार खोल जातच नाहीत.

२. इलेक्ट्रोडमधलं, म्हणजे जमिनीत ठोकायच्या धातूच्या खुंट्यांमधलं, अंतर किती खोलीचं बघायचंय त्यावरून ठरव. वेन्नर मांडणीत (चार इलेक्ट्रोड एका रेषेत, सारख्या अंतरावर) त्या अंतराच्या साधारण निम्म्या खोलीचं कळतं. १० मीटर ठेवलंस तर सुमारे ५ मीटर.

३. एप्रिल-मेमध्ये माती भेगाळते. खुंटीच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओत, नाहीतर आकडे नुसते नाचतात. लोखंडी कुंपण आणि पाइपलाइनपासून लांब राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कमी आकडा आला म्हणजे प्रदूषण सापडलं, असं नाही! समुद्राच्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी जेमतेम ०.२ ओम-मीटर. त्यामुळे भरतीचं पाणी मुरलेली माती आणि कचऱ्याचं पाणी, दोन्ही आलेखात सारखीच निळी, म्हणजे कमी रेझिस्टिव्हिटीची, दिसतात. मी सुरुवातीला असाच एक निळा पट्टा प्रदूषण म्हणून दाखवला होता. बोअरचं पाणी तपासलं तर ते फक्त खारं निघालं. म्हणून तुलनेसाठी एक लाइन (खुंट्यांची रांग) कचऱ्यापासून दूर, पण खाडीपासून तेवढ्याच अंतरावर घे. क्लोराइड समुद्राच्या पाण्यातही असतं, म्हणून जवळच्या बोअरच्या पाण्यात त्याबरोबर अमोनियाही तपासून घे. वहीत भरती-ओहोटीची वेळ लिहायला विसरू नकोस.

इन्व्हर्जनचं (आकड्यांवरून जमिनीखालचं चित्र काढणारं) सॉफ्टवेअर सध्या राहू दे. पहिल्या लाइनचे कच्चे आकडे हाती आले की इथेच टाक, मिळून बघू.