आजीबद्दल लिहायला बसण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

गेलेल्या आजीवर लिहायला घेतलेलं तुझं पान "प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांना धरून राहणारी" एवढ्यावर येऊन अडलंय, असं कळलं. अडणारच. ही विशेषणं कुणाच्याही आजीला बसतात. तुझी आजी घराबाहेर इतकी वर्षं खपत होती ती नेमकी कशात, हे त्यातून कळत नाही. तेव्हा काही दिवस लिहू नकोस. आधी एक गोष्ट शोध: ती गेल्यावर काय बंद पडलं?

हे अगदी शब्दशः घे आणि चार घरी जाऊन विचार. कोणती बैठक भरेनाशी झाली? वर्गणीची वही आता कुणाकडे आहे? सभागृहाची किल्ली कोण सांभाळतं? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात कोण जातं? कोणती दोन घरं पुन्हा एकमेकांशी बोलेनाशी झाली? जे काम थांबलं, किंवा जे तिघांत वाटून द्यावं लागलं, ते तिचं होतं. तिच्या हयातीत त्याला कुणी काम म्हटलं नसेल, म्हणून ते तुझ्या यादीत आलं नाही.

कागदांत मात्र ती सहजी सापडणार नाही. जुन्या नोंदींत बायकांची नावं नवऱ्याच्या नावाआड, नुसत्या आद्याक्षरांत, नाहीतर "इतर सभासद" या दोन शब्दांत दडलेली असतात. इतिवृत्ताच्या वहीत खालची सही न बघता वरचा मजकूर कुणाच्या हातचा आहे ते बघ. तिचं एखादं पत्र शेजारी ठेव आणि अक्षरं जुळव: 'ल'ची गाठ, 'श'चं वळण, ९चा आकडा, ओळ संपताना शब्द कुठे तोडलाय. अक्षर तिचं निघालं, तरी लगेच निष्कर्ष काढू नकोस. तारखेगणिक शाई आणि हाताचा वेग बदलत असेल, तर बहुधा ती बैठकीत बसून लिहीत होती. पानंच्या पानं एका शाईत, एका लयीत असतील, तर कुणाच्या तरी टिपणांवरून तिने नंतर उतरवून काढली असावीत. दोन्ही कामंच, पण वेगळी. समूहाच्या फोटोंतही हाच प्रकार. मधल्या खुर्चीत ती नसते. कडेला अर्धी कापलेली असते, नाहीतर मागे खुर्च्या लावताना पुसट दिसते.

हे सगळं टिपायला एक जाड वही कर. चार रकाने आख: साल, तिचं वय, काय झालं, कशावरून कळलं. चौथ्या रकान्यात "कागद", "सांगणं" किंवा "अंदाज" यांपैकी एक शब्द हवाच. तो नसेल तर महिन्याभराने तुझा स्वतःचाच अंदाज तुला पुराव्यासारखा दिसायला लागेल. साल कुणाला थेट विचारू नकोस. लोक आठ-दहा वर्षं सहज इकडची तिकडे करतात. "तेव्हा तुमची धाकटी चालायला लागली होती का?" असं विचार आणि मुलीच्या जन्मसालावरून गणित मांड. आणखी एक. माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात ठसठशीत आठवतं. त्यामुळे तिच्या बरोबरीच्या बायका तरुणपणाबद्दल भरभरून बोलतील आणि पंचेचाळिशी-पन्नाशीची वर्षं कोरी राहतील. तीच बहुतेक तिच्या कामाची ऐन वर्षं. ही कोरी वर्षं त्या काळात विशीत असलेल्या लोकांना विचारून भरून काढ.

भेटीगाठींचा क्रम जवळच्या नात्यावरून लावू नकोस. जे सर्वांत थकलेले आहेत त्यांच्याकडे आधी जा. "त्या कशा होत्या?" याला "फार चांगल्या" याखेरीज उत्तर येत नाही. "बैठकीत कुठे बसायच्या? पैसे कमी पडले की पहिल्यांदा कुणाचं दार वाजवायच्या? नाही कसं म्हणायच्या? त्यांचं कुणाशी जमत नव्हतं?" असं विचार. विचारून झालं की गप्प बस, मनात दहा आकडे मोज. चांगलं बरंचसं सहाव्या-सातव्या आकड्यानंतर येतं आणि नवखे लोक नेमके तिथेच दुसरा प्रश्न टाकतात. तीन-चार जणांना एकत्र बसवायचं ते शेवटी. आधी एकेकट्याला गाठ. नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होऊन बसते.

रेकॉर्डिंग फोनवर चालेल. आधी परवानगी घे. फोन विमान मोडवर टाक, घडी घातलेल्या कापडावर हातभर अंतरात ठेव, पंखा बंद कर, दहा सेकंद बोलून ऐकून बघ. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव उच्चार. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका वाहिनीवर (मोनो) वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल केलीस तर तासाला साधारण ५२० एमबी लागतात. तेवढी जागा मोकळी आहे ना, ते निघण्याआधी बघ. तासा-दीड तासात आवर. त्यापुढे माणूस थकतो आणि हो ला हो करायला लागतो.

आता जरा नाजूक भाग. अशा बाईजवळ अख्ख्या वस्तीची गाऱ्हाणी जमा असतात. कुणाचा संसार तिने सावरला, कुणाचं व्यसन सोडवलं हे तुझ्या कानावर येईल. ते तुझं नाही, तिचंही नव्हतं. नाव बदलून भागत नाही. आसपासचे लोक दोन तपशिलांवरून माणूस ओळखतात. संबंधिताने होकार दिला नाही तर गाळ. तिचा स्वतःचा हट्ट, एखादं फसलेलं काम, कायमचा धरलेला अबोला मात्र ठेव, नाहीतर बाकीच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि "आजीने वाचनालय उभं केलं" असं वाक्य आलं की थांब. तिच्याबरोबर पुस्तकं वाहणाऱ्या बायका हयात असतील आणि त्या ते वाचतील. कुणी काय केलं ते नावानिशी लिही.

लिहायला घेशील तेव्हा जन्मापासून सुरू करू नकोस. तिचा कामाचा एक दिवस सकाळपासून घे. शोकसभेत वाचायचं असेल तर मिनिटाला १०० ते १२० शब्द धर; पाच मिनिटांत फार तर ६०० शब्द. म्हणजे तीन प्रसंग, चौथा नाही. अक्षर १६ पॉइंटचं, पानांना क्रमांक, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या हातात, कारण तुझा गळा भरून आला तर पुढचं वाचायला कुणी तरी हवं.

फोटोंचं थोडक्यात. चिकट पानांच्या अल्बममधून ते ओढून काढू नकोस, फाटतात. आधी अख्ख्या पानाचा फोटो घे. सुटे फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कर, मागची बाजूही. लॅमिनेशन नको, टाचण्या आणि स्टेपल नकोत, गंजाचा डाग जात नाही. तीन प्रती ठेव, त्यांतली एक दुसऱ्या घरी. फोटोमागे बॉलपेनने लिहू नकोस. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिही. आणि तिथे "आजी" असं लिहू नकोस, पूर्ण नाव लिही. हा फोटो पुढे ज्याच्या हातात पडेल, त्याची आजी दुसरीच कुणी असेल.