सावड मोडली, आता किती वर्षं बंद?

प्रश्न: भाताच्या रोपलावणीला आमची शेजारच्या घराशी सावड आहे. गेल्या हंगामात आमची माणसं आधी त्यांच्या शेतात राबली; आमच्या वेळी त्यांच्याकडून कुणीच आलं नाही. घरचे म्हणतात, आता कायमचं बंद. अर्थशास्त्रात पुन:पुन्हा खेळल्या जाणाऱ्या डावांचा जो हिशेब आहे, तो काय सांगतो?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: आधी एकाच हंगामाचं गणित मांडू. आकडे उदाहरणादाखल, हजार रुपयांत. दोघांनी सावड पाळली तर प्रत्येकाला ४ चा फायदा. दोघांनी मोडून मजूर लावले तर १. एकानं मदत घेतली पण फेडली नाही, तर त्याला ६ आणि राबून आलेल्याला ०. डाव एकदाच असेल तर समोरचा कसाही वागो, मोडणाराच फायद्यात: तो पाळत असेल तर ४ ऐवजी ६, मोडत असेल तर ० ऐवजी १. म्हणून दोघंही मोडतात आणि १ वर अडकतात. या डावाचा नॅश समतोल, म्हणजे एकट्यानं चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, तो एवढाच.

लावणी मात्र दरवर्षी येते. मोडणाऱ्याला यंदा २ जास्त मिळतात, पण पुढे सावड बंद राहील त्या प्रत्येक हंगामात ३ जातात. पुढच्या वर्षीच्या रुपयाला आज किती मोल, त्या आकड्याला डेल्टा म्हणतात. सावड कायमची बंद होणार असेल तर डेल्टा ०.४० असला तरी ती टिकते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स फ्रीडमन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेला युक्तिवाद हाच. बंदी एकाच हंगामाची असेल तर ०.६७ लागतो, दोन हंगामांची असेल तर ०.४६ पुरतो. म्हणजे दुसऱ्या वर्षानं धाक बराच वाढतो, त्यापुढच्या सगळ्या वर्षांनी मिळून अगदी थोडा. शिवाय बंदीच्या काळात तुमचेही दर हंगामाला ३ जातात.

म्हणून कायमचं बंद करू नका. आधी कारण विचारा. घरात आजारपण असेल तर तो दगा नव्हे. कारण नसेल तर दोन लावण्या आपापल्या करा, तिसऱ्या वर्षी पुन्हा सावड धरा, आणि ही मुदत त्यांना आजच सांगा. मनात ठेवलेल्या मुदतीचा धाक कुणाला वाटणार? सांगायला हवंच, कारण दोघांनी कायम वेगवेगळं राहणं हाही समतोलच आहे. सावड शक्य आहे एवढंच गणित सांगतं, ती आपोआप जुळेल असं नाही.

तुमचा डेल्टा किती? पुढच्या वर्षीचा रुपया आज ९० पैशांचा धरा. ते घर पुढच्या वर्षी शेती करत असण्याची शक्यता दहात नऊ असेल तर त्या शक्यतेनंही गुणायचं: ०.९ × ०.९ = ०.८१, भरपूर झालं. पण मुलं गोव्याला किंवा बेळगावात कामाला लागून शेत खंडानं जाण्याची शक्यता निम्मी असेल तर ०.५ × ०.९ = ०.४५. इथं दोन वर्षांची बंदी कमी पडते. अशा वेळी शिक्षा वाढवण्यापेक्षा देणंघेणं लहान करा. सहा दिवस सलग त्यांच्याकडे आणि मग सहा दिवस तुमच्याकडे, असं न करता एक दिवस तिकडे, एक दिवस इकडे. मग बुडाला तर एकच दिवस बुडतो, आणि पुढचा डाव वर्षानं नाही, परवाच असतो. त्यासाठी दोघांचा तरवा (भाताची रोपं) एकाच सुमाराला टाकायला हवा, नाहीतर एकाची रोपं लावायला येईपर्यंत दुसऱ्याची जून होतात. शेवटच्या दिवशी मोह उरतोच. म्हणून शेवट कुणाच्या शेतात, हे दरवर्षी आलटून पालटून ठेवा.

प्रश्न: 'जशास तसे' हीच सर्वांत चांगली चाल ना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी भरवलेल्या, असाच डाव पुन:पुन्हा खेळायच्या संगणकी स्पर्धांत ॲनाटोल रॅपोपोर्ट यांची ही चाल (आधी साथ द्यायची, मग समोरचा गेल्या वेळी जसा वागला तसंच वागायचं) दोनदा जिंकली, हे खरं. पण तिथं समोरच्यानं काय केलं ते प्रत्येकाला बिनचूक दिसत होतं. प्रत्यक्षात पावसानं वा तापानं एकदा चुकामूक झाली की दोन्ही बाजू आळीपाळीनं सूड घेत राहतात आणि ते थांबत नाही. म्हणून अधूनमधून एखादी चूक पोटात घालावी. पण 'लागोपाठ दोनदा चुकलात तरच शिक्षा' असा ठाम नियम करू नका. वर्षाआड मोडणारा त्यात ६, ४, ६, ४ कमावत राहतो आणि शिक्षा त्याला कधीच होत नाही.